वाटेवरचा मुक्काम

श्रोतेहो, इतिहासावर बोलावयास बसलेल्या माणसाने लढाया, तह आणि राजवंश यांविषयी बोलावे अशी रीत आहे. मीही चौतीस वर्षे फळ्यापुढे उभा राहून त्याच सनावळ्या मुलांकडून घोकून घेतल्या. आज मात्र मी आपणांस एका बोळाची हकीकत सांगणार आहे. हा बोळ पुण्याच्या सदाशिव पेठेत आहे. त्याला नाव आहे. परंतु ते सांगण्याचे प्रयोजन नाही. शनिवारापासून नाना पेठेपर्यंत, किंबहुना गिरगावात, ठाण्यात, नाशिकच्या जुन्या गावठाणात, त्याची भावंडे आपल्या दाराशीच आहेत. मी स्वतः टेप धरून मोजले तेव्हा याची रुंदी भिंतीपासून भिंतीपर्यंत १९ फूट भरली. दोहों बाजूंस तीन तीन फुटांचा फरसबंद पदपथ आहे, आणि मधले १३ फूट वाहनांच्या जाण्यायेण्याचे. हे आकडे कृपा करून ध्यानात ठेवावेत. शाळामास्तरच्या भाषणात गणित हे यावयाचेच.

गेल्या श्रावणातील गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास माझ्या थोरल्या वहिनींच्या छातीत कळ येऊ लागली. त्यांचे वय चौऱ्याहत्तर. १०८ क्रमांकास दूरध्वनी केला. रुग्णवाहिका वेळेवर आली, तिजविषयी माझी मुळीच तक्रार नाही. परंतु ती बोळाच्या तोंडाशी आली आणि तेथेच थांबली. आत दोहों बाजूंस मोटारींची रांग होती, प्रत्येकीची दोन चाके पदपथावर आणि दोन रस्त्यावर. मोटारीची रुंदी हल्ली सहा फुटांच्या घरात गेली आहे. अशा दोन मोटारी समोरासमोर उभ्या राहिल्या म्हणजे एकोणिसांतून बारा वजा जाता सात फूट उरतात. आणि भिंतीला घासून मोटार कोणी लावीत नाही, तेव्हा ते सातही उरत नाहीत. रुग्णवाहिका आरशांसकट त्याहून रुंद. शेवटी शेजारच्या दोघा तरुणांच्या मदतीने आम्ही वहिनींना लाकडी खुर्चीत बसविले, वर छत्री धरली, आणि भर पावसात १४० पावले चालून त्यांना बोळाबाहेर काढले. पदपथावरून नेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पदपथ दिसतच नव्हता.

वहिनी त्यातून बऱ्या झाल्या. मला ही हकीकत सांगावीशी वाटते ती निराळ्याच कारणासाठी. बोळाच्या तोंडाशी, जेथे रुग्णवाहिका अडली, तेथील पहिली मोटार आमच्याच घरची होती. ती वहिनींच्या चिरंजीवांची, म्हणजे माझ्या पुतण्याची. तो त्या दिवशी कामानिमित्त आगगाडीने मुंबईस गेला होता, आणि मोटारीची किल्ली त्याच्या खिशात होती. गेली सहा वर्षे ती मोटार त्याच जागी उभी राहत होती. तिच्या चाकांखाली पदपथ आहे, ही गोष्ट त्या रात्रीपर्यंत आम्हां घरच्यांपैकी कोणाच्याही मनात आली नव्हती. माझ्या तर नव्हतीच, आणि मी तेथून रोज दूध आणावयास जात असे.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला आहे. वाहन चालते तेव्हा त्याला रस्ता लागतो, हे उघड आहे. पण ते जेव्हा चालत नाही, आणि दिवसाच्या चोवीस तासांपैकी बावीस-तेवीस तास ते चालतच नाही, तेव्हा त्याने कोठे असावे? पूर्वीचे लोक या प्रश्नाला काय उत्तर देत होते?

प्रथम आपल्या पेठांकडेच पाहू. पुण्याच्या बहुतेक पेठा पेशवाईत वसल्या, आणि त्यांतील बोळ अरुंद राहिले ते पूर्वजांना रुंदीचे माप कळत नव्हते म्हणून नव्हे. चालणारा माणूस, पखालीचा बैल, घोडा, आणि क्वचित एखादी पालखी, एवढ्यांना पुरेल असा तो मार्ग होता. आणि वैशाखात दोन बाजूंच्या भिंतींची सावली त्यावर पडावी हाही एक लाभ होता. परंतु वाहन ठेवण्याची सोय मार्गावर नसे. ती घरात असे. मोठ्या वाड्याचा दिंडी-दरवाजा आठवावा. आत शिरताच देवडी, पुढे पहिला चौक, आणि त्याच्या अंगास पागा. घोडा पागेत, पालखी देवडीत. ज्याला घोडा बांधावयास जागा नाही त्याने घोडा बाळगू नये, इतका हा व्यवहार सरळ होता. बाहेरगावाहून माल घेऊन येणाऱ्या बैलगाड्यांची गोष्ट वेगळी; त्यांच्यासाठी गावाच्या कडेला मोकळे तळ असत, तेथे बैल सोडावयाचे, चारापाणी करावयाचे. हडपसरच्या बसच्या पाटीवर 'गाडीतळ' हा शब्द आपण नित्य वाचतो. गाड्यांचा तळ तो गाडीतळ. आजचा 'वाहनतळ' हा त्याचाच नातू.

रस्त्यावरून भांडणे तेव्हाही होत असत. पेशव्यांच्या कोतवालाकडे जी कामे सोपविलेली होती त्यांत रस्ते, गल्ल्या आणि घरे यांसंबंधीचे तंटे तोडणे हे एक काम होते. ओटा पुढे आला, पन्हळीचे पाणी दुसऱ्याच्या दारी पडले, भिंत हातभर सरकली, असल्या तक्रारी गाव म्हटले की असावयाच्याच. पण घोडा रात्रभर बोळात बांधून ठेवण्याचा हक्क कोणी मागावा, ही कल्पनाच त्या काळच्या माणसाला चमत्कारिक वाटली असती.

याहून मागे गेलो तर कौटिल्याचे अर्थशास्त्र आहे. त्यात मार्गांची मापे दिलेली आहेत. रथाचा मार्ग पाच अरत्नींचा, जनावरांचा चार अरत्नींचा, आणि माणसे व शेळ्यामेंढ्या यांच्या चालण्याचा मार्ग दोन अरत्नींचा. अरत्नी म्हणजे हात, स्थूल मानाने दीड फूट. तेव्हा माणसाच्या वाटेची रुंदी तीन फूट झाली. आमच्या बोळातील पदपथही तीनच फूट आहे! दोन सहस्र वर्षांत माणसाचा देह रुंदावला नाही, याचा हा पुरावा म्हणावा. पुढे कौटिल्य वाट अडविणाऱ्याला दंड सांगतो. माणसांची वाट अडविली तर बारा पण. मोठ्या जनावरांची अडविली तर चोवीस. आणि वाटेचे महत्त्व वाढत जाईल तसा दंड चढत जाऊन हजार पणांपर्यंत पोचतो. माणसाच्या वाटेला दंड सर्वांत कमी आहे, हे मला खटकते. तथापि त्या वाटेला दंड आहे, ही गोष्ट लहान नव्हे. आणि आमच्या बोळात दोन मोटारींच्या मध्ये जी सातांहून कमी फुटांची फट उरते, ती त्याच्या एका रथाच्या साडेसात फुटांच्या वाटेलाही पुरत नाही.

परदेशांतही हाच प्रकार दिसतो. ख्रिस्तपूर्व ७०५ ते ६८१ या काळात असुर देशावर राज्य करणाऱ्या सेन्नाखेरिब राजाने निनवे नगरीतला राजमार्ग रुंद केला आणि त्याच्या कडेला शिलालेख उभारून बजावले, की या मार्गावर ज्याचे घर पुढे येईल त्याला त्याच्याच घरावर सुळी देण्यात येईल. इतक्या कडक शिक्षेची मी शिफारस करीत नाही. रोम शहरात ज्युलियस सीझरच्या काळच्या, ख्रिस्तपूर्व ४५ च्या सुमाराच्या कायद्याने सूर्योदयापासून दहाव्या तासापर्यंत, म्हणजे जवळ जवळ संध्याकाळपर्यंत, मालाच्या गाड्यांना शहरात बंदी होती; देवालयांच्या बांधकामासारख्या कामांना तेवढी मोकळीक होती. त्याच कायद्यात घरासमोरील पदपथ दुरुस्त ठेवण्याचा भार घरमालकावर टाकला होता.

पण या विषयातला सर्वांत मार्मिक विचार मला आढळला तो इंग्लंडातल्या दोन जुन्या खटल्यांत. १८०५ साली एक्झेटर शहरातील एका मालवाहू गाडीवाल्यावर खटला झाला. तो आपल्या गाड्या रस्त्याच्या एका बाजूस तासन्‌तास उभ्या करून माल चढवी व उतरवी. त्याचे म्हणणे असे, की रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने दोन गाड्या जातील एवढी वाट मोकळी आहे, मग माझ्याकडून कोणाची अडवणूक झाली? न्यायालयाने हे ऐकले नाही. संबंध रस्ता सर्व लोकांचा आहे. त्याचा काही भाग उरला म्हणून उरलेला भाग बळकावण्याचा हक्क मिळत नाही, असे ठरले. पुढे १८१२ मध्ये भाडोत्री घोडागाड्या प्रवाशांची वाट पाहत रस्त्यात खोळंबून राहतात, याविषयीचा खटला लॉर्ड एलेनबरो या न्यायाधीशांपुढे चालला. राजरस्त्याचा तबेला करण्याची कोणासही मुभा नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. श्रोतेहो, तबेला हा शब्द फार नेमका आहे. रस्त्यावरून घोडा गेला तर तो प्रवास. रस्त्यावर घोडा राहिला तर तो तबेला. घोड्याच्या जागी यंत्र आले म्हणून या भेदात काय फरक पडतो, हे मला अद्याप कोणी समजावून दिलेले नाही.

आता पुन्हा पुण्यात येऊ. १८५८ च्या सुमारास येथे म्युनिसिपालिटी स्थापन झाली, आणि पुढे दिवाबत्ती, गटारे, फरसबंदी अशी कामे हळूहळू होत गेली. टांग्यांचा जमाना आला. टांगेवाल्यांचे अड्डे नेमलेले असत. टांगा रात्री तबेल्यात जाई, कारण घोड्याला दाणा-वैरण लागे आणि तो उघड्यावर पावसात ठेवला तर आजारी पडे. जनावराच्या या नाजूकपणाचा शहराला केवढा उपयोग होत होता, ते आपणांस आता कळते. मोटारीला पडसे होत नाही.

त्यानंतर सायकली आल्या, आणि पुणे हे सायकलींचे शहर म्हणून नावारूपास आले. माझ्या लहानपणी आमच्या वाड्याच्या चौकात अकरा बिऱ्हाडांच्या मिळून आठ-नऊ सायकली असत. रात्री दिंडी लावण्यापूर्वी त्या एकीला एक टेकवून आत घ्यावयाच्या, असा मालकांचा दंडक होता. बाहेर राहिली तर चोरीची भीती. दिंडीचा उंबरा ओलांडताना सायकल खांद्याएवढी उचलावी लागे. तो उंबरा शहराच्या वतीने एक कर वसूल करीत होता, असे आता वाटते. वाहन हवे तर ते उचलून आत घ्या.

ही व्यवस्था मोडली ती आमच्या डोळ्यांदेखत, आणि तिच्या मोडण्याला एकच कोणी अपराधी नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूंना संरक्षण दिले, ते आवश्यकच होते. परंतु भाडी गोठली आणि वाड्यांची डागडुजी थांबली. मग १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतील कित्येक मातीचे वाडे त्या पाण्यात बसले, आणि जे उभे राहिले त्यांच्याही भिंतींवर पाण्याची रेघ राहिली. त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत वाड्यांच्या जागी इमारती आल्या. चौक गेला, पागा तर केव्हाच गेली होती, देवडीच्या ठिकाणी दुकान आले. ज्या जागेत अकरा बिऱ्हाडे होती तेथे वीस-बावीस झाली. बांधकामाच्या नियमांत वाहनांसाठी जागा सोडण्याची अट पुढे आली. परंतु तळमजल्यावर खांबांमध्ये सोडलेल्या त्या जागेत आज किती ठिकाणी वाहने आहेत आणि किती ठिकाणी कपड्यांचे गठ्ठे, औषधांची खोकी अथवा शिकवणीचे वर्ग आहेत, हे प्रत्येकाने आपापल्या इमारतीत जाऊन पाहावे.

याच वर्षांत आकुर्डीच्या कारखान्यातून स्कूटरी निघू लागल्या, १९७२ मध्ये लूना आली, आणि १९८३ च्या डिसेंबरात मारुती आठशे बाजारात आली. तिची रुंदी सुमारे ४ फूट ९ इंच होती. आमच्या बोळात पहिली मारुती आली तेव्हा आम्ही मुलांना वर्गातून सुटी मिळाल्यासारखे तिच्याभोवती जमलो. मी त्या वेळी चांगला पंचविशीतला शिक्षक होतो! ती पदपथाच्या कडेला उभी राहिली याचे कोणाला काही वाटले नाही. बोळात एकच मोटार असते तेव्हा ती शोभा असते. दुसरी, तिसरी आणि दहावी कोणत्या वर्षी आली, हे मला सांगता येणार नाही. अतिक्रमण असे वर्ष सांगून येत नाही. २०१८ मध्ये तर पुण्यातील नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याचे वृत्त सर्व वर्तमानपत्रांतून आले.

येथे आणखी एका प्रकाराचा उल्लेख केला पाहिजे, कारण त्याने सद्‌हेतूचे कसे हसे होते ते कळते. विकास आराखड्यांनी जुन्या पेठांतील अनेक रस्त्यांच्या रुंदीकरणाच्या रेषा आखल्या. वाडा पडून नवी इमारत उभी राहील तेव्हा ती या रेषेमागे बांधावयाची, आणि सोडलेली पट्टी रस्त्याला मिळावयाची, अशी योजना. परंतु सगळे वाडे एका दिवशी पडत नाहीत. एक इमारत पाच फूट मागे, तिच्या शेजारचा वाडा जागच्या जागी, पुढची इमारत पुन्हा मागे; आमच्या बोळाची कड अशी करवतीच्या दातांसारखी झाली आहे. रस्ता रुंद झालाच नाही, फक्त त्याला खाचा पडल्या. आणि प्रत्येक खाचेत एक मोटार इतकी नेमकी बसते, की जणू ती खाच तिच्याच मापाने घेतली होती.

आता पुणेकर या बाबतीत अगदी उदासीन आहेत असे म्हणता येणार नाही. आमच्या पाट्यांची कीर्ती दूरवर पसरलेली आहेच. फाटकासमोर वाहन लावणाऱ्याच्या चाकातील हवा सोडली जाईल, ही धमकी ज्या फाटकावर नाही ते फाटक पुण्यातले नव्हे. पण या पाट्या मी फिरून फिरून वाचल्या, तेव्हा ध्यानात आले की त्या सर्व फाटकाचे रक्षण करतात. पदपथाच्या रक्षणासाठी कोणी घरमालकाने लावलेली पाटी माझ्या पाहण्यात नाही. फाटक माझे आहे, पदपथ सर्वांचा. आणि जे सर्वांचे ते कोणाचेच नव्हे, असे आम्ही मनाशी ठरवून टाकलेले दिसते. मोठ्या रस्त्यांवर पोलिसांच्या 'पी १' आणि 'पी २' अशा पाट्या आहेत: विषम तारखेला एका बाजूस वाहने लावावीत, सम तारखेला दुसऱ्या. व्यवस्था चांगली आहे. मात्र एकतीस तारखेनंतर एक तारीख येते, आणि दोन्ही विषम. त्या दिवशी पंचाईत होते, हे सम-विषम शिकविणाऱ्या मास्तरच्या नजरेतून कसे सुटावे?

कायदा आहे की नाही? आहे, आणि पुष्कळ आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दुसऱ्यास धोका, अडथळा वा गैरसोय होईल अशा रीतीने वाहन सोडून जाण्यास मनाई आहे, आणि त्याखालील नियमांत पदपथावर वाहन उभे करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. सार्वजनिक मार्गात अडथळा करणाऱ्याला १८६० च्या दंडसंहितेने दोनशे रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. १८६० साली दोनशे रुपये ही लहान रक्कम नव्हती. ती रक्कम १६४ वर्षे तशीच राहिली! १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता अमलात आली तेव्हा ती पाच हजार झाली. मध्यंतरी रुपयाचे काय झाले ते आपण जाणताच. दंड नुसता जुना झाला म्हणजे तो हळूहळू परवाना बनतो.

एक गोष्ट या ओघात सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईच्या पदपथांवर झोपड्या बांधून राहणाऱ्या गरिबांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि १९८५ मध्ये त्याचा निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात न्यायालयाने मानले. तरीही पदपथ हे लोकांच्या चालण्यासाठी आहेत, तेथे खाजगी वस्ती करता येणार नाही, असेही सांगितले. ज्याला दुसरा निवारा नाही अशा माणसाच्या बाबतीत आपण हा नियम लावला. मग ज्याचा मालक वर तिसऱ्या मजल्यावर पंख्याखाली झोपला आहे, त्या यंत्राने त्याच पदपथावर रात्र काढली तर नियम कोठे जातो? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वेध पदपथ हा जगण्याच्या हक्कातच अंतर्भूत आहे असे सांगून राज्यांना नियमावली करण्यास फर्माविले. अपंगांच्या चाकाच्या खुर्चीचा विचार त्यात आवर्जून केलेला आहे. माझ्या डोळ्यांसमोर मात्र चार पायांची, चाके नसलेली, आमच्या घरची लाकडी खुर्ची येते.

यावर आपण म्हणाल, मास्तर, सांगणे सोपे आहे. माणसाने मोटार ठेवावी कोठे? हा प्रश्न मी थट्टेवारी नेणार नाही. माझा पुतण्या रोज हिंजवडीस जातो. बस दोनदा बदलावी लागते; आणि भुयारी मेट्रो मंडईपर्यंत येऊन पोचली ती २०२४ च्या सप्टेंबरात, तोपर्यंत त्याने मोटार घेऊन पाच वर्षे होऊन गेली होती. तो काही गुंड नव्हे. सगळे लावतात तेथे त्याने लावली.

या प्रश्नाला जपानने दिलेले उत्तर ऐकण्यासारखे आहे. तेथील शहरांतील गल्ल्याही आपल्यासारख्याच चिंचोळ्या, कित्येकींना तर पदपथही नाही. १९६२ मध्ये, म्हणजे आमच्याकडे पानशेतचा चिखल अजून पुरता उपसलाही नव्हता तेव्हा, जपानने कायदा केला की मोटार घेणाऱ्याने ती ठेवण्याची रस्त्याबाहेरील जागा आपल्यापाशी आहे, हे आधी दाखवावे. जागा स्वतःची असो वा भाड्याची, ती घरापासून ५०० मीटरच्या आत हवी. पुढे हे अंतर २ किलोमीटर करण्यात आले. पोलीस ती जागा तपासून दाखला देतात. रात्री रस्त्यावर आठ तासांहून अधिक वेळ मोटार ठेवणे हा तेथे गुन्हा आहे. हे काही नवे तत्त्वज्ञान नव्हे. आमच्या वाड्याच्या मालकाला हे सांगितले असते तर तो म्हणाला असता, यात कायदा कसला करावयाचा? पागा नाही तर घोडा नाही.

ज्या इंग्लंडात तबेल्याचा तो निकाल झाला, तेथे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. १८३५ च्या कायद्याने पदपथावरून गाडी हाकणे हा गुन्हा ठरला, परंतु पदपथावर गाडी ठेवण्याला सरसकट बंदी झाली नाही. म्हणजे गाडी तेथे आकाशातून उतरली असे मानावयाचे! लंडनने १९७४ मध्ये आपल्यापुरती बंदी केली. स्कॉटलंडने २०१९ मध्ये कायदा केला, तो अमलात यावयास २०२३ चा डिसेंबर उजाडला, आणि एडिंबरा शहराने २०२४ च्या जानेवारीत दंड करण्यास आरंभ केला. आमच्या महापालिकेनेही २०१८ मध्ये वाहनतळाचे धोरण संमत केले. रात्रीच्या मुक्कामावर आकार बसविण्याची कल्पना प्रथम त्यात होती. तीवर एवढा गहजब झाला की ती गाळण्यात आली. गहजब करणाऱ्यांत मी नव्हतो, पण मनातून मलाही बरे वाटले होते. वर सांगितल्याप्रमाणे आमच्या घरी मोटार होती.

वहिनी रुग्णालयातून परत आल्या त्या दिवशी पुतण्याने मोटार बोळाबाहेर ठेवली आणि तो त्यांना हात धरून चालवत घरी घेऊन आला. खुर्चीत टेकल्यावर त्या मला म्हणाल्या, "भावजी, एकाहत्तर साली मी या घरात आले तेव्हा टांगा दारापर्यंत आला होता. वरात होती, आणि बँडवालेसुद्धा दोन्ही बाजूंनी चालत होते." त्यांनी मुलाला उद्देशून काही म्हटले नाही. तो खाली मान घालून औषधांच्या चिठ्ठ्या लावीत होता.

दुसऱ्या आठवड्यात त्याने जवळच्या एका मंगल कार्यालयाच्या आवारात महिना अडीच हजार रुपयांनी मोटारीला जागा घेतली. घरापासून ती सात मिनिटांच्या अंतरावर आहे. लग्नाच्या तिथीला तेथूनही हलवावी लागते. ज्या संध्याकाळी त्याने आमच्या दारासमोरची मोटार काढली, त्या संध्याकाळी वहिनी कठड्याशी उभ्या होत्या. फरशी सहा वर्षांनी उघडी झाली होती, तिच्यावर तेलाचा एक काळा डाग होता, आणि शेजारची दोन मुले त्या तीन फुटांवर खडूने ठिक्करीची घरे आखीत होती. सकाळी मी दूध आणावयास उतरलो तो त्या जागी एक पांढरी मोटार उभी होती, दोन चाके वर आणि दोन खाली. तिचा नंबर बोळात कोणाच्याच ओळखीचा नव्हता.